चार हात कोरी टेप

त्या वर्षी आषाढी एकादशीला मी न बोलण्याचा नेम धरला. सकाळी अंघोळ झाली की पोथीचा अध्याय वाचून, नैवेद्य दाखवून, स्वतःचे दोन घास होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. म्हणजे दुपारचा एक वाजायचाच. खुणा केल्या, मान हलवली तर चालतं. बोलायचं तेवढं नाही. चातुर्मासात दर वर्षी माझं काहीतरी असायचंच, म्हणून घरात कुणी कारण विचारलं नाही. कारण मात्र होतं. तो नेम यांच्या रेकॉर्डसाठी होता.

यांचं म्हणजे माझ्या यजमानांचं, सुकदेवांचं, जळगावात मेहरूणला तलावाच्या रस्त्यावर लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. आठ कर्णे, स्पीकरचे चार मोठे डबे, दोन रेकॉर्ड प्लेयर. लग्नाला, गणपतीला, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावणं यायचं. बाकीचे साउंडवाले त्या वर्षी गाजलेलं सिनेमाचं गाणं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लावून ठेवत. यांना तेच नको असायचं. जे कुणी वाजवत नाही, जे दुकानदाराने कोपऱ्यात टाकून दिलंय, त्यावर यांचा जीव. गिऱ्हाइकं कुरकुरत, दोन-चार तुटलीही. पण नाचायला लागली की तीच गिऱ्हाइकं यांना सोडायची नाहीत.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाली होती. तिचा नवरा इंजिन ड्रायव्हर, आणि शनिवारी रेल्वेच्या क्लबात नाच असे तेव्हा रेकॉर्डी लावायचं काम त्याचं. तो गेल्यावर रेकॉर्डींची पेटी पलंगाखाली पडून होती. ती तिने यांना तशीच उचलून दिली. पुठ्ठ्याची पाकिटं वाळवीने खाल्लेली, आत दहा-बारा वर्षांपूर्वीची इंग्रजी नाचाची गाणी. काही डिस्को म्हणतात तसली, काही त्याहून जड, ठसक्याची. त्यांना फंक म्हणतात, असं नूर महंमद सांगायचा. नूर महंमद म्हणजे आमच्या दुकानाशेजारचा रेडिओ दुरुस्तीवाला, यांचा जोडीदार. त्याने ते नाव कुठल्याशा पाकिटावर वाचलं होतं आणि तेव्हापासून तो ते फार रुबाबात म्हणायचा.

त्या पेटीत एक रेकॉर्ड अशी होती की तिच्यावरचा मधला कागद ओलीने धुऊन गेला होता. कुणी गायलंय, कुणी वाजवलंय, काही कळायला मार्ग नाही. गाण्यात मधेच गाणारी बाई थांबते, तुताऱ्यांसारखे ते बाजे थांबतात, आणि नुसता ड्रम उरतो. त्याच्याखाली जाड तारेची गिटार, जात्यासारखी घुमणारी. सतरा-अठरा सेकंद. मग परत सगळे सुरू होतात. यावलला एका लग्नात यांनी ती लावली, तर वरातीतली केळीच्या बागेत राबणारी पोरं त्या अठरा सेकंदांत अशी नाचली की मांडवाचे बांबू हलले. ते संपल्यावर एक जण डब्यापाशी येऊन विचारू लागला, मधलं कुठं गेलं? यांनी सुई उचलून मागे नेली. तो पुन्हा आला. असं दहा वेळा झालं.

तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच वेड घर करून बसलं. ते मधलं लांब करायचं आणि त्याची आपली रेकॉर्ड काढायची. कॅसेट कुणीही भरतं, चौकाचौकात भरून देतात. यांना रेकॉर्डच हवी होती, काळी, हातात धरता येणारी, कागदावर जळगाव छापलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डी पुसल्या, एक तरी आपली पुसू दे, असं एकदा म्हणाले होते. पण सत्त्याऐंशी साल होतं ते. रेकॉर्डींची सद्दी संपत आली होती. मुंबईच्या एका कारखान्याने कळवलं होतं की लहान ऑर्डरी या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत घेऊ, त्यानंतर ते यंत्र बंद. उशीर झाला तर संपलंच.

ते पत्र आल्यापासून यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. जेवताना बोटं ताटाच्या काठावर वाजायची. रात्री दोनदा उठून पाणी प्यायचे. दुकानात बसले की घरी यायचे, घरी आले की दुकानात. मी काय करू शकणार होते? नेम धरला.

काम आमच्या मधल्या खोलीत चाले. नूर महंमदने त्याचं मोठ्या चकत्यांचं टेप मशीन आणून दिलं होतं. त्यावर ते मधलं पुन्हा पुन्हा भरून घ्यायचं, मग ब्लेडने टेप कापायची आणि तुकडे ओळीने चिकटवायचे. रेकॉर्डवर ओरखडा होता, म्हणून अख्खी पट्टी घेता येत नव्हती. ओरखड्याचे तुकडे टाकून चांगले तेवढे निवडायचे. ड्रमचा एक फेरा म्हणजे टेपचा एक तुकडा, आणि तो भरायचा बरोबर एक हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. हे निवडलेले तुकडे खोलीत आडव्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगत. धुणं वाळत घालावं तशी ती तपकिरी चमकती लड वाऱ्याने हलायची. माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, धुळ्याहून चार दिवस आल्या होत्या. त्यांना त्या दोरीखालून वाकून जावं लागे, आणि वाकताना दर वेळी काहीतरी म्हणावंच लागे. त्यातून मी दुपारपर्यंत मुकी. एकदा नूर महंमदला ऐकवत म्हणाल्या, "सून बोलस नही, पोऱ्या ऐकस नही, मी कोनासंगे बोलू? ह्या तुकडाससंगे?"

तुकडे लागणार होते एकशे बारा. आठ-आठच्या चौदा ओळी. मोजायचं काम यांनी माझ्यावर टाकलं, कारण मोजणीत माझी चूक होत नाही. हे चिकटवत आणि मी जपाच्या माळेचा एक मणी ओढत असे. चिकटवण्यासाठी सागाच्या ठोकळ्यात खाच पाडून घेतली होती. झालेली टेप डाव्या बाजूला, तिच्या शेवटाला नवा तुकडा. चिमट्यात जे टोक ते तुकड्याची मान, खाली लोंबणारं ते शेपूट. "डाव्या हातात मान. मागच्याच्या शेपटाला पुढच्याची मान. एवढं सांभाळलं की बस," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

तेरा तारखेला दुपारी माझा नेम सुटल्यावर आम्ही बसलो. पाच तास मान वर केली नाही. माळ पुरी झाली, एकशे आठ. दोरीवर चार तुकडे उरले होते. तेवढ्यात दुकानातून निरोप आला की भजनी मंडळाला दिलेल्या एम्प्लिफायरमधून धूर निघतोय आणि मंडळी खोळंबलीयत. हे उठले. त्याच वेळी लाइट गेली. दारातून म्हणाले, चारच आहेत, तू लाव, मधल्यानंतर परत सुरू होतं ते पुढचं गाणं नूरभाईने जोडून ठेवलेलंच आहे, त्याचं टोक शेवटी चिकटव.

दिवेलागण झाली होती. मी समई लावली, हात जोडले, आणि ठोकळ्यापाशी आले. हे जिथे बसत तिथे बसलं की पाठ देव्हाऱ्याकडे होते. पुरुषमाणसाच्या लक्षात येत नाही, पण दिवा लावल्यावर देवाकडे पाठ करून बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही. आणि उजेडही समईचाच होता. मी ठोकळ्याच्या पलीकडे जाऊन बसले, देवासमोर. डाव्या हातात मान धरली. चार तुकडे लावले, पुढच्या गाण्याचं टोक जोडलं, चिकटपट्टी बोटाने दाबून घेतली, आणि टेप हळूहळू चकतीवर गुंडाळली. काम चांगलं झालं असं वाटलं.

हे उशिरा आले. लाइट आलीच नव्हती; ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणे. ऐकून बघता येईना. सकाळीही नव्हती. नूर महंमद रेडिओचे सुटे भाग आणायला दहाच्या गाडीने मुंबईला निघणार होता, टेप त्याच्यासोबतच जायची होती. दुसरा माणूस नाही, दुसरा दिवस नाही. हे मशीनसमोर जाऊन उगाच बटण दाबून बघत होते.

माझी अंघोळ झाली होती. मी पूजेला बसले. ठोकळा रात्री तसाच राहिला होता, मी आणि देव यांच्या मधे. उजेडात त्याच्यावर यांनी पेन्सिलीने काढलेला बाण दिसला. टेप कुठून कुठे जाते ते दाखवणारा बाण. तो माझ्या उजवीकडून डावीकडे जात होता.

फुलं हातात होती ती तशीच राहिली. मी मनातल्या मनात पुन्हा बसून पाहिलं. हे तिकडून बसत तेव्हा झालेली टेप त्यांच्या डाव्या हाताला. मी इकडून बसले तेव्हा ती माझ्या उजव्या हाताला. आणि मान मी धरली डाव्याच हातात. म्हणजे शेपटाला शेपूट. चारही तुकडे उलटे.

की मी टोकं बदलून धरली होती? सवयीने हात बरोबर गेला असेल. समईच्या उजेडात नेमकं काय केलं ते आता कसं आठवणार? असं मी स्वतःला सांगू लागले, आणि मागे यांची पावलं वाजली. चकती पुठ्ठ्याच्या डब्यात घातलेली, सुतळी बांधायची राहिलेली. वरती चिठ्ठी होती, ती मी आदल्या दिवशी वाचली होती. एकदा एका स्टुडिओवाल्याने यांच्या टेपमध्ये आपल्या मनाने सुधारणा केली होती, म्हणून यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की यात काहीही बदल करू नये, जसं आहे तसंच छापावं. आणि खाली, कागदावर छापायचा मजकूर: मूळ वाजवणारे माहीत नाहीत, त्यांना नमस्कार.

"ते चार तुकडे बरोबर लागलेत ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवू शकत होते. हाताने थांबा म्हणू शकत होते. नेमाला दोन्ही चालत होतं. पण त्यांनी टेप उघडली असती, लाइट नाही, दहाची गाडी गेली असती, मुंबई राहिली असती. आणि ते माझ्या हातून गेलं असतं. मी देवाकडे बघत बसून राहिले. खाली मान घालून फुलं वाहिली. त्यांना वाटलं, नेमात आहे, बोलत नाही. सगळं ठीक असणार, नसतं तर खूण केली असती. त्यांनी सुतळीची गाठ मारली. ती आवळल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगून कुणाला पटणार नाही. पिंपळाच्या प्रदक्षिणा वाढवल्या. पोथी वाचताना ओळ निसटायची, परत मागे जावं लागायचं. दुपारी एक वाजला की तोंड उघडायला मोकळीक, आणि तेव्हाच मला बोलणं नको व्हायचं. काहीतरी काम काढून मी परसात जायचे. हे मात्र टेप गेल्यावर एकदम हलके झाले होते. माझ्याशी गप्पा मारायला बघायचे. रेकॉर्डवर कागद कोणत्या रंगाचा येईल, पहिली कुठे वाजवायची. पहिली वाजवायची ती धुळ्याला, श्रावणात बसते त्या आमच्या घरच्या कानबाई देवीपुढे, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. कधी म्हणत, तुझ्या मण्यांवर मोजलीय ती, चुकायची नाही. मी उठून जायचे.

रोज ठरवायचे की आज सांगायचं. आज सांगितलं तरी उपयोग काय, रेकॉर्डी तर छापल्या गेल्या असतील, असंही रोजच म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. आता सांगायचं म्हणजे नुसती चूक सांगायची नव्हती. त्या सकाळी मला माहीत होतं, हेही सांगावं लागणार होतं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. आमची सगळी भाऊबंदकी धुळ्याला जमते, जुन्या धुळ्यातल्या गल्लीत, थोरल्या दिरांच्या घरी सासूबाई असतात तिथे. घर पांढरं केलेलं, नैवेद्याच्या रोटाचं दळण झालेलं. रात्रभर बायकांची गाणी झाली. सोमवारी सकाळी पांझरा नदीवर विसर्जन. गल्लीतल्या सगळ्या कानबाया एका मागे एक निघतात, डोक्यावर देवीचा चौरंग घेतलेल्या बाया नाचत पुढे, आणि चौकात सगळ्या थांबतात. गाडीवर रेकॉर्ड उड्या मारते म्हणून यांनी मांडामांड त्या चौकातच एका ओट्यावर केली होती. शेजारच्या घरातून वायर घेतलेली, दोन कर्णे खांबाला.

नूर महंमद रेकॉर्डी आणायला पुन्हा मुंबईला गेला होता; तो पहाटेच्या गाडीने चाळीसगावहून येऊन तडक तिथे आला. खांद्यावर खोका. हे रस्त्यातच त्याच्यासमोर बसले आणि खोका फोडला. आतून पहिली रेकॉर्ड काढली. निळा कागद आला होता. त्यावर जळगाव होतं. त्यांनी ती उजेडात तिरपी धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या मागे उभी होते, हातात आरतीचं ताट. सकाळचे साडेनऊ झाले असतील. माझा नेम चालू होता.

पुढच्या कानबाया चौकात आल्या. यांनी माइकवर सांगितलं की ही आपली रेकॉर्ड आहे, आज पहिल्यांदा वाजतेय, कानबाईपुढे. चुलत दीर, भाचे, सगळे ओट्याभोवती दाटले. कुणीतरी म्हणालं, बघू सुकदेवने कोणता तारा तोडलाय. आमचा ढोलवाला भिकन ढोल कमरेला तसाच ठेवून विडी ओढत उभा होता. यांनी रेकॉर्ड ठेवली. सुईचा दांडा उचलला.

मी ताट सासूबाईंच्या हातात दिलं आणि ओट्याशी गेले.

"थांबा," मी म्हणाले. "ते शेवटचे चार तुकडे मी उलटे लावलेत."

माझा आवाज मुळातच बारीक, त्यातून आदल्या रात्रीच्या गाण्यांनी बसलेला. तरी यांना ऐकू गेलं. मला वाटतं, दुपारच्या आधी माझा आवाज ऐकून त्यांना आधी त्याचाच धक्का बसला. सुई हवेत धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

"कधी कळलं?"

"त्याच सकाळी. तुम्ही विचारलंत तेव्हा."

मागे सासूबाईंचा आवाज आला, हळू, पण दातांतून: "कानबाईना दिन नेम मोडी टाका ना, प्रमिला. बठ्ठी भाऊबंदकी दखी ऱ्हायनी."

मला त्यांच्याकडे वळून सांगायचं होतं की नेम आज, सगळ्यांच्या देखत मोडलेला नाही, त्या सकाळी मी गप्प बसले तेव्हाच मोडलाय. सांगितलं नाही. त्यांना समजावायची ती वेळ नव्हती.

नूर महंमद कपाळाला हात लावून उभा होता. म्हणाला, कारखान्यातला माणूस विचारत होता की मधे जागा सोडलीय ती मुद्दाम का. "मी त्याला चिठ्ठी दाखवली, जसं आहे तसं छाप म्हणून." हे त्याच्याकडे वळले. उलटं वाजेल का, म्हणून विचारलं.

"उलटं नाही, भाऊ. काहीच वाजणार नाही," नूर महंमद म्हणाला. "आपलं मशीन टेपच्या अर्ध्याच पट्टीवर भरतं, अर्धी कोरी राहते. तुकडा फिरवला की सुईखाली, म्हणजे हेडखाली, कोरी बाजू येते. चार हात कोरी टेप. भाभीने चार फेरे गप्प केले."

नऊ सेकंद असतील फार तर. पण भरचौकात, नाच रंगात आलेला असताना नऊ सेकंद काहीच नाही म्हणजे काय, ते साउंडवाल्याला विचारावं. लोक आधी वायरीकडे बघतात, मग साउंडवाल्याकडे, मग हसतात. कानबाया खोळंबल्या होत्या. डोक्यावरचे चौरंग घेऊन बाया जागच्या जागी पावलं टाकत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं की लावतो की जाऊ आम्ही नदीवर.

यांनी भिकनला हाक मारली. विडी टाकायला लावली. ओट्यापाशी घेऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, हाताने मांडीवर चार फेरे वाजवून दाखवले. भिकनने मान हलवली. मग यांनी मला खूण केली. बोलून नाही, नुसती दोन बोटं दुमडून, मणी ओढतात तशी. मोज.

रेकॉर्ड लागली. गाणारी बाई, बाजे, आणि मग ते मधलं. आठांची एक ओळ, दुसरी ओळ. मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. चौरंगवाल्या बायांनी चौक भरला, फुगड्या सुरू झाल्या, पोरांनी फेर धरला. यांचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं; डोळे माझ्या हातावर. नव्वद. शंभर. एकशे पाचला मी बोट वर केलं. यांनी भिकनकडे हात केला. एकशे सहा. सात. आठ.

कर्णे बंद झाले, आणि त्याच ठोक्यावर भिकनचा ढोल पडला. कर्ण्यातून येणाऱ्या आवाजापुढे तो उघडा आणि जवळचा वाटला, घरातलाच. एक फेरा, दोन, तीन, चार. बाया थांबल्या नाहीत. कुणाला काही कळलंच नाही, किंवा कळलं ते एवढंच की आता आपला ढोल वाजतोय. आणि चौथा संपताना रेकॉर्डवरचे बाजे परत आले. चौकातून असा आवाज उठला की सासूबाईंच्या हातातलं ताट हललं.

ती रेकॉर्ड त्या दिवशी पाच वेळा लावायला लागली. पाचही वेळा मी मोजलं. चुलत दीर म्हणाले, सुकदेवचं डोकं बाकी भारी, ढोलाला जागा ठेवलीय. यांनी रेकॉर्ड फडक्याने पुसून पाकिटात घातली.

संध्याकाळी आम्ही एसटीने जळगावला निघालो. खोका यांच्या मांडीवर. पारोळ्यापर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. कपाशीची शेतं मागे जात होती. त्यांची बोटं खोक्यावर वाजत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण तेही नीट येत नव्हतं.

"नेम होता हे कळतं मला," पारोळा गेल्यावर ते म्हणाले. "बोलायचं नव्हतं. पण नुसती मान हलवली असतीस."

"हलवता आली असती," मी म्हणाले.

"मग?"

"घाबरले. गाडी चुकली असती, तुमचं राहिलं असतं. आणि माझ्यामुळे राहिलं असतं." मग जे उरलं होतं तेही सांगून टाकलं, की दिवा लावल्यावर देवाकडे पाठ नको म्हणून मी पलीकडून बसले होते, की तो नेम मी या रेकॉर्डसाठीच धरला होता, आणि त्याच्याच आड लपले.

मग त्यांनी खोका उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि डोळे मिटले. झोपले नव्हते. एरंडोलच्या स्टँडवर चहा घेतला तेव्हा माझा पेला त्यांनीच आणून दिला, आणि आपला घेऊन लांब जाऊन उभे राहिले.

पुढचे आठ दिवस घरात असंच होतं. कामापुरतं बोलणं. रेकॉर्डी हळूहळू गेल्या, यावलला, भुसावळला, साउंडवाल्यांकडे. नूर महंमद प्रत्येकाला बजावायचा की ही लावायची तर ढोलवाला सोबत ठेवा, नाहीतर फजिती होईल. मुंबईचं ते यंत्र सांगितल्याप्रमाणे बंद झालं. आता दुसरी रेकॉर्ड निघणार नव्हती. मी सकाळी पोथी घेऊन बसायचे, पण नेम पुन्हा धरावा की नाही, ते मनाशी ठरत नव्हतं. अंघोळ झाली की आपोआप ओठ मिटत, आणि मिटले की ती सुतळीची गाठ आठवे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी पूजा करत होते आणि मागे ठोकाठोक सुरू झाली. वळून पाहिलं तर हे भिंतीतला खिळा उपटत होते, ज्याला ती दोरी बांधलेली असायची. तो उपटला. दुसरा उपटला. मग दोन्ही खिळे त्यांनी आडव्या भिंतींना ठोकले, एक खिडकीजवळ, एक दाराजवळ. दोरी बांधली. सागाचा ठोकळा उचलून नव्या जागी ठेवला, त्याच्यासमोर बसले, उठले, थोडा सरकवला, पुन्हा बसले. आता देव्हारा त्यांच्या उजव्या खांद्याला होता.

"कॅसेटसाठी तुकडे लागतील," ते ठोकळ्याकडे बघत म्हणाले. "पुढच्या महिन्यात. त्या पेटीत अजून दोन आहेत, कुणी ऐकलेल्या नाहीत." मग माझ्याकडे वळले. "इथे बसून बघ. कुणाकडे पाठ होते का?"

मी उठले आणि जाऊन बसले. ठोकळ्यावरचा बाण माझ्या डावीकडून उजवीकडे जात होता. देव उजवीकडे, समई दिसत होती. अध्याय वाचायचा राहिला होता, नैवेद्य व्हायचा होता, एक वाजायला चार तास होते.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."